घट गेला, यंत्र राहिलें

वर्धा शहराची वस्ती वाढत वाढत ज्या खेड्यांना येऊन भिडली, त्यांतलें बोरगांव मेघे हें एक. सावंगी, सिंदी, उमरी या शेजाऱ्यांप्रमाणें याही गांवानें 'मेघे' हें उपपद आपल्या नांवापुढें लावून घेतलें आहे. येथील पुष्कळशीं घरें नोकरदारांचीं. वडील वर्ध्याच्या एकाद्या कचेरींत, मुलगा वा मुलगी सेवाग्रामच्या अथवा नागपूरच्या महाविद्यालयांत, अशी साधारण स्थिति. २०२० सालच्या मार्चमध्यें महामारीमुळें शाळा-महाविद्यालयें बंद झालीं, आणि विदर्भांतील शाळा ज्या २६ जूनला एरवीं उघडावयाच्या तो दिवस आला तरी फाटकें उघडलीं नाहींत. वर्ग घरांत भरूं लागले. ज्या घरीं नवें यंत्र घेण्याची ऐपत नव्हती, त्या घरीं थोरल्या भावाचा, मामाचा किंवा कचेरींतून मोडींत निघालेला जुना लॅपटॉप आला. अशा यंत्राचा पडदा बहुधा शाबूत असे, कळफलकावरील एक-दोन कळा गेलेल्या असत, आणि बॅटरी मात्र हमखास गेलेली असे. वीज जोडली तर यंत्र चालावें, तारेला कोणाचा पाय लागला कीं पडदा काळा व्हावा, आणि अर्धी लिहिलेली उत्तरपत्रिका त्याबरोबर नाहींशी व्हावी, हा अनुभव तेव्हां घरोघरीं आला.

बॅटरी निकामी झालेलें किंवा काढून घेतलेलें यंत्र नुसत्या विजेवर चालवावें कीं नाहीं, याविषयीं लोकांत दोन टोकांचीं मतें आढळतात. कोणी म्हणतात, बॅटरीवांचून यंत्र लावलें तर तें जळून जातें. दुसरे म्हणतात, बॅटरी सदैव जोडून ठेवली तर ती फुगते, म्हणून ती काढून ठेवणेंच शहाणपणाचें. दोन्ही मतांत थोडा थोडा सत्यांश आहे, आणि तो कोठून आला हें समजण्यास या यंत्राची व त्याच्या घटाची हकीकत पाहिली पाहिजे. यंत्राची हकीकत पुरती पन्नास वर्षांचीही नाहीं.

घटाची मात्र सव्वादोनशे वर्षांची आहे. इटलींतील व्होल्टा यानें दोन भिन्न धातूंच्या चकत्या, मध्यें खाऱ्या पाण्यांत भिजविलेले पुठ्ठे घालून, एकावर एक रचल्या आणि १८०० सालीं तो शोध लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानें कळविला. १८५९ सालीं फ्रान्सच्या प्लान्टे यानें शिशाचे पत्रे गंधकाम्लांत बुडवून पुनःपुन्हां भरतां येणारा घट तयार केला. आज इन्व्हर्टरखालीं जी जड पेटी असते ती त्याचीच वंशज. हिंदुस्थानांत १८५४ च्या सुमारास तारायंत्र मुंबईहून आग्र्यापर्यंत गेलें, तेव्हां कचेऱ्याकचेऱ्यांतून घटांच्या रांगा मांडलेल्या असत. नवरात्रांतल्या घटाप्रमाणें त्यांचीही रोज देखरेख करावी लागे.

आकाशवाणीच्या जुन्या श्रोत्यांना घटाची दुसरी आठवण असावयास हवी. नागपूरचें केंद्र १९४८ सालीं सुरू झालें. त्या काळीं आसपासच्या बहुतेक खेड्यांत वीज नव्हती, आणि रेडिओ निर्वात नळ्यांचे असत. वीज नसलेल्या घरीं रेडिओ ठेवावयाचा तर दोन प्रकारच्या बॅटऱ्या लागत: नळीच्या आंतील तार तापविण्यासाठीं हलक्या दाबाची एक, आणि नव्वद व्होल्टच्या आसपासची, कोरड्या घटांची, दुसरी. पहिली शिशाची असेल तर ती उतरली कीं शहरांत नेऊन भरून आणावी लागे; बैलगाडींत तुरीच्या पोत्यांशेजारीं रेडिओची बॅटरी ठेवून बाजाराला जाणारे शेतकरी त्या काळीं नवलाचे नव्हते. वीज असलेल्या शहरांतला रेडिओ मात्र घटावांचून नुसत्या तारेवर चाले, आणि त्यामुळें तो जळतो असें कोणी कधीं म्हटलें नाहीं. यंत्र एक, पुरवठ्याच्या वाटा दोन, इतकाच तो प्रकार होता. लॅपटॉपच्या बाबतींत या दोन वाटा एकाच पेटींत येऊन बसल्या आणि तेथूनच घोटाळ्याला आरंभ झाला.

एप्रिल १९८१ मध्यें अमेरिकेंत ऑस्बोर्न-१ या नांवाचा संगणक विक्रीस आला. शिवणयंत्राच्या पेटीएवढी त्याची पेटी, वजन सुमारें ११ किलो आणि पडदा अवघा पांच इंचांचा. त्याला 'हातांतून नेण्याजोगा' म्हणत. नेणाऱ्याचा हात काय म्हणत असेल तें निराळें. या यंत्राच्या पोटांत घट नव्हताच. जेथें न्यावें तेथें भिंतींत वीज आहे, हें गृहीत धरून तें बनविलेलें होतें. पुढच्याच वर्षीं आलेला ग्रिड कंपास हा आजच्या लॅपटॉपचा खरा पूर्वज. पडदा कळफलकावर पुस्तकासारखा मिटून घेण्याची रचना त्यांत होती. कवच मॅग्नेशियमचें, वजन पांच किलोच्या आंतबाहेर, किंमत ८,१५० डॉलर. अमेरिकेच्या अंतराळयानांतूनही हें यंत्र गेलें. पण बाजारांत आलेल्या या यंत्रालाही स्वतःचा घट नव्हता. १९८३ सालीं बाहेर पडलेला कॉम्पॅकचा बारा-तेरा किलोंचा संगणक, तोही तसाच.

उलट जपानच्या एप्सन कंपनीनें त्याच सुमारास एचएक्स-२० नांवाचें एक चिमुकलें यंत्र काढलें. त्यांत पुन्हां भरतां येणारे निकेल-कॅडमियमचे घट होते; परंतु पडद्यावर ओळी चार आणि प्रत्येक ओळींत अक्षरें वीस. घट ठेवावा तर पडदा लहान, पडदा मोठा करावा तर घट पुरत नाहीं, अशी ती ओढाताण होती. ती सुटूं लागली १९८५ मध्यें, तोशिबाच्या टी-११०० या यंत्रानें. तेव्हांपासून घट हा लॅपटॉपचा नित्याचा अवयव झाला. ज्यांना बॅटरीवांचून चालणारा लॅपटॉप म्हणजे कांहींतरी विपरीत वाटतें, त्यांनीं ही वंशावळ ध्यानांत घ्यावी. या कुळांतले थोरले सगळे घटावांचूनच वाढले.

मग 'बॅटरी नसेल तर यंत्र चालत नाहीं' ही समजूत आली कोठून? तिचें एक उगमस्थान नक्की सांगतां येतें. सप्टेंबर १९८९ मध्यें ॲपल कंपनीनें मॅकिंटॉश पोर्टेबल हा सात किलोंहून जड संगणक विक्रीस काढला. त्यांत घट होता तो शिशाचा. रचना अशी कीं, चार्जरची वीज घटाच्या आश्रयानेंच यंत्राला मिळावी. चार्जर लहान ठेवलेला. यंत्र सुरू होतांना जी एकदम मोठी ओढ लागते ती पुरविण्याचें काम घटाकडे. घट नवा असेपर्यंत ही युक्ति उत्तम चालली. पण शिशाचा घट फार दिवस रिकामा पडून राहिला कीं मरतो. आणि तो मेला कीं हें महागडें यंत्र भिंतींत तार खुपसली तरी डोळा उघडीना. ज्यांनीं तें पदरमोड करून घेतलें होतें त्यांना हा धडा चांगलाच लागला. नंतरच्या यंत्रांतून हा दोष बहुतांशीं काढून टाकण्यांत आला, परंतु समजूत मागें राहिली. आणि पुढें पाहूं त्याप्रमाणें, गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या समजुतीला पुन्हां थोडें बळ मिळालें आहे.

याच सुमारास घटाच्या रसायनांत मोठी क्रांति होत होती. लिथियम हा धातूंत सर्वांत हलका. तो घटांत वापरण्याची कल्पना व्हिटिंगहॅम यांनीं १९७० नंतरच्या दशकांत पुढें आणली. गुडइनफ यांनीं १९८० सालीं कोबाल्टच्या संयुगाचा उपयोग दाखविला. जपानच्या योशिनो यांनीं १९८५ सालीं धातुरूप लिथियम टाळून कार्बनचा पर्याय बसविला. आणि १९९१ सालीं सोनी कंपनीनें असे घट बाजारांत आणले. या तिघांना २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. या घटांत लिथियमचे कण भरतांना एका बाजूच्या थरांत जाऊन बसतात आणि वापरतांना दुसऱ्या बाजूस परत येतात. दोहोंच्या मध्यें प्लास्टिकचा एक सूक्ष्म सच्छिद्र पडदा असतो. आंतील द्रव पाणी नव्हे. तो पेट घेणारा सेंद्रिय द्रव आहे. घटाची सारी सुरक्षितता त्या केसाहून पातळ पडद्यावर अवलंबून आहे, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

तो पडदा फाटला म्हणजे काय होतें, हेंही इतिहासानें दाखविलें. १९९५ सालीं ॲपलच्या पॉवरबुक ५३०० या यंत्राच्या आरंभींच्या नगांतल्या लिथियमच्या बॅटऱ्यांनीं पेट घेतला. कंपनीनें त्या परत घेऊन जुन्या पद्धतीच्या निकेलच्या बॅटऱ्या दिल्या. ऑगस्ट २००६ मध्यें डेल कंपनीनें ४१ लाख लॅपटॉप-बॅटऱ्या परत मागविल्या, पाठोपाठ ॲपलनें १८ लाख. हे घट सोनीचे होते, आणि बनवितांना त्यांत धातूचे बारीक कण राहून गेले होते. पुढच्या वर्षीं, ऑगस्ट २००७ मध्यें, नोकियाच्या बीएल-५सी या भ्रमणध्वनीच्या बॅटरीचा क्रमांक वर्तमानपत्रांतून झळकला. ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांचा तो प्रश्न होता आणि हिंदुस्थानांत तो फोन घरोघरीं होता. त्या आठवड्यांत आपला फोन उलटा करून, मागचें झांकण काढून आंतील अक्षरें वाचणारी माणसें बसस्थानकांवर, चहाच्या टपऱ्यांवर, सर्वत्र दिसत. बॅटरी ही वस्तु काढून पाहण्याची, तिच्यावरील मजकूर वाचण्याची असते, हें त्या निमित्तानें पुष्कळांना प्रथमच कळलें.

त्याच २००७ सालीं महाराष्ट्रांत एक निराळा प्रयोग झाला. रायगड जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत खैरात येथें धनगरवाड्याची एकशिक्षकी शाळा आहे. तेथील पहिली ते चौथीच्या वीसएक मुलांच्या हातीं एक-एक लॅपटॉप देण्यांत आला. अमेरिकेंतील निकोलस नेग्रोपाँटे यांनीं 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही जी चळवळ सुरू केली होती, तिचा हिंदुस्थानांतील हा आरंभींचा प्रयोग. केंद्राच्या शिक्षणखात्यानें आदल्या वर्षींच या योजनेला नकार दिला होता, तरी खैरातला ती आली. हिरव्या-पांढऱ्या रंगाचें हें यंत्र बनविणाऱ्यांनीं विजेचा विचार जितका केला तितका त्यापूर्वीं क्वचितच कोणी केला असेल. मूळ नमुन्याला तर हातानें फिरवून वीज करण्याची दांडीसुद्धां बसविली होती; ती पुढें काढून टाकली. बॅटरीसाठीं त्यांनीं कोबाल्टचे घट न घेतां लोह-फॉस्फेटचे अथवा निकेलचे घट घेतले, कारण ते तापले तरी सहसा भडकत नाहींत आणि टिकतातही अधिक. बॅटरी मुलाच्या हातानें काढतां-घालतां येण्याजोगी होती. ११ पासून १८ व्होल्टपर्यंत कशीही वीज मिळाली, मोटारीच्या बॅटरीची वा सूर्यपत्र्याची, तरी यंत्र ती घेई. किंमत शंभर डॉलर ठेवावयाची होती, ती जवळजवळ दुप्पट झाली, आणि योजना जगभर जितकी गाजली तितकी रुजली नाहीं. तथापि वीज बेभरंवशाची असलेल्या गांवांत संगणक कसा असावा, याचा विचार तिनें केला. शहरासाठीं बनलेल्या यंत्रांनीं तो कधीं केला नाहीं, हा भेद डोळ्यांआड करण्यासारखा नाहीं.

वीज बेभरंवशाची होती हें तर सांगावयासच नको. जून २००५ मध्यें राज्य वीज मंडळाचें विभाजन होऊन महावितरण अस्तित्वांत आलें आणि पुढलीं कांहीं वर्षें 'भारनियमन' हा शब्द मराठींतील सर्वांत अधिक उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांपैकीं एक झाला. विदर्भाच्या दृष्टीनें यांत एक बोचरी गोष्ट होती. कोराडीचें औष्णिक केंद्र १९७४ पासून आणि चंद्रपूरचें १९८३ पासून वीज करीत आलेलें. कोळसा येथला, राख येथली, उष्मा येथला, आणि संध्याकाळीं 'लाईन गेली' ही आरोळीही येथलीच. त्या वर्षांत ज्यांनीं लॅपटॉप घेतला त्यांनीं तो बहुधा मांडीवर ठेवण्यासाठीं घेतला नव्हता. लाईन गेल्यावर काम चालूं राहावें म्हणून घेतला होता. परिणामीं बॅटरी रोज एकदां-दोनदां पुरती रिकामी होई. साधारण लिथियम बॅटरी अशा तीनशें ते पांचशें फेऱ्या सोसते आणि मग तिची धारणशक्ति लक्षांत येण्याइतकी घटते. फेऱ्यांचा हा हिशेब वर्ष-दीड वर्षांत पुरा होई. शिवाय मे महिन्यांत वर्ध्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि उष्णता ही या घटाची उघड वैरीण. एप्रिल-मे अशा खोलींत काढलेली बॅटरी दोन वर्षांत म्हातारी झाली तर तिला दोष देतां येत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतां येईल. चार्जरमधून येणारी १९ व्होल्टच्या आसपासची वीज यंत्रांत शिरतांच दोन वाटांनीं जाते. एक यंत्राच्या कामाकडे, दुसरी बॅटरी भरणाऱ्या मंडलाकडे. बॅटरी भरली कीं दुसरी वाट आपोआप बंद होते. म्हणून सदैव जोडलेल्या यंत्रांत बॅटरी 'जास्त भरून' फुगते, हें म्हणणें तंतोतंत खरें नव्हे. ती फुगते ती दीर्घकाळ काठोकाठ भरलेल्या स्थितींत आणि त्यांतही यंत्राच्या ऊबेंत राहिल्यानें. आंतील द्रवाचें हळूहळू विघटन होऊन वायु सुटतो आणि घटाच्या पिशवीला पोट येतें. यावर उपाय म्हणून अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत भरणी ऐंशी किंवा साठ टक्क्यांवर थांबविण्याची सोय दिलेली असते. ज्याचा लॅपटॉप टेबल सोडून हलत नाहीं त्यानें ती सोय अवश्य शोधावी.

बॅटरी काढली तर काय होतें? जुन्या, खटका सरकवून बॅटरी निघणाऱ्या यंत्रांत बहुधा कांहींच होत नाहीं. ऑस्बोर्न जसा चालत असे तसें तें चालतें. परंतु बॅटरी दोन कामें करीत असते. एक, लाईन गेली तर सांवरणें. दुसरें, यंत्राचा मेंदू क्षणभर एकदम जादा शक्ति मागतो तेव्हां चार्जरला हातभार लावणें. हें दुसरें काम पुष्कळांना ठाऊक नसतें. ॲपलच्या २००८ च्या सुमाराच्या मॅकबुक यंत्रांत बॅटरी काढली तर यंत्राचा वेग आपोआप उतरविला जाई, तो याचसाठीं: एकट्या चार्जरवर ओढ पडून यंत्र अकस्मात् बंद पडूं नये. आजच्या कित्येक पातळ यंत्रांतही असाच प्रकार आहे, आणि कांहीं तर घटावांचून सुरूच होत नाहींत. १९८९ ची ती गोष्ट थोड्या निराळ्या रूपानें परत आली आहे, ती अशी. तेव्हां घटावांचून यंत्र जळतें हें खोटें. घटावांचून तें कमकुवत चार्जर आणि अस्थिर वीज यांच्या पुढ्यांत उघडें पडतें, हें खरें.

म्हणून पहिली काळजी चार्जरची. त्यावर छापलेले व्होल्ट यंत्राखालीं छापलेल्या व्होल्टशीं जुळले पाहिजेत. ॲम्पिअर तितकेच अथवा अधिक असावेत, कमी नसावेत. १९ व्होल्ट आणि ३.४२ ॲम्पिअर म्हणजे ६५ वॅट, हा गुणाकार शाळकरी मुलालाही करतां येतो आणि तो दुकानांत उभ्या उभ्या करून पाहावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा नागपूरच्या सीताबर्डीवर चारशें रुपयांत मिळणारा चार्जर कधीं कधीं ६५ वॅट लिहून त्याच्या निम्मेही देत नाहीं. चार्जरवर आणि बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर आयएस १३२५२ आणि बॅटरीवर आयएस १६०४६ हा अंक, सोबत 'आर' अक्षरानें सुरू होणारा क्रमांक, एवढें पाहिलें तरी निम्मी फसवणूक टळते.

दुसरी काळजी अर्थिंगची. तीन पिनांच्या चार्जरची वरची पिन मोडून तो दोन छिद्रांत खुपसण्याची वाईट खोड आपल्याकडे आहे. मग यंत्राच्या धातूच्या कांठावर बोट ठेवलें कीं झिणझिण्या येतात. ही गळती थोडी असते, परंतु ती जमिनींत जाण्याऐवजीं माणसांतून जाते, हें चांगलें लक्षण नव्हे. वर्ध्याच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यांत हात हात भेगा पडतात. अशा वेळीं अंगणांतील अर्थिंगच्या खड्ड्यांत आठवड्याला बादलीभर पाणी ओतणें हें जुने वायरमन सांगत, आणि तें बरोबर होतें. वळवाच्या पावसांत वीज कडाडूं लागली तर तार भिंतींतून काढून ठेवावी. बटन बंद केल्यानें भागत नाहीं.

तिसरी गोष्ट अकस्मात् बंद पडण्याची. घट नसलेल्या यंत्राची वीज गेली तर लिहिणें अर्ध्यावर तुटतें. जुन्या फिरत्या तबकडीच्या यंत्रांत वाचणारा कांटा घाईनें मागें खेंचला जातो आणि असें वारंवार झालें तर तबकडी निकामी होते. एकाद्या मुलीचा तीन वर्षांचा प्रबंध अशा तबकडींत असेल तर यंत्राची किंमत काय आणि त्या कागदांची काय, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. उपाय खर्चाचा नाहीं. घरांत इन्व्हर्टर असेल तर त्याचा खटका 'यूपीएस' बाजूला ठेवावा, म्हणजे वीज बदलतांना पडणारा खंड इतका अल्प होतो कीं चार्जर तो सोसतो. इन्व्हर्टर नसेल तर टेबलाखालीं ठेवण्याचा छोटा यूपीएस घ्यावा. संगणकाच्या मोठ्या पेटीला तो पांच-दहा मिनिटें पुरतो, पण लॅपटॉपला अर्धा तास तरी सहज पुरतो. म्हणजे आंतला घट गेला तर बाहेर दुसरा ठेवावयाचा, इतकेंच. रेडिओच्या काळांत लोक तेंच करीत.

काढलेल्या बॅटरीविषयीं दोन शब्द. काढावयाची ती यंत्र पुरतें बंद करून, चार्जर ओढून घेतल्यावर. बॅटरी धड असेल तर ती निम्मी भरलेली, थंड व कोरड्या जागीं ठेवावी. तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि ती किल्ल्या-नाण्यांच्या खणांत टाकूं नये. यंत्रांत जी मोकळी खांच राहते तीही झांकावी, नाहीं तर धूळ आणि मुंग्या तेथें संसार थाटतात. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र प्रकार गंभीर. कळफलक मध्यें उचलला गेला, खालचें झांकण नीट बसेना, यंत्र टेबलावर डुगडुगूं लागलें, हीं तिचीं चिन्हें. असें दिसतांच यंत्र बंद करावें, भरणें थांबवावें आणि तें कारागिराकडे न्यावें. टांचणीनें वायु काढून देणारे 'अनुभवी' लोक प्रत्येक गल्लींत भेटतात. त्यांचा सल्ला जीवावर बेतणारा आहे, कारण टांचणी वायूबरोबर त्या पातळ पडद्यालाही भोंक पाडते. धूर निघूं लागला तर यंत्र वांचविण्याच्या भानगडींत न पडतां घरांतलीं माणसें बाहेर काढावीं आणि १०१ क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावें. त्या धुरांत विषारी वायु असतात.

२००९ च्या जानेवारींत ॲपलनें सतरा इंची यंत्रांत बॅटरी आंतच बंद करून टाकली आणि हळूहळू सगळ्याच कंपन्यांनीं तो कित्ता गिरविला. यंत्रें पातळ झालीं, देखणीं झालीं. पण खटका सरकवून बॅटरी काढण्याचा ग्राहकाचा अधिकार त्यांत गेला, आणि जुनें यंत्र धाकट्या भावंडाला देण्याची आपल्या घरांतली चाल त्यामुळें कठीण झाली. याची जाणीव उशिरां झाली, तरी झाली आहे. हिंदुस्थान सरकारच्या ग्राहक खात्यानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिति नेमली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्यें टाकाऊ बॅटऱ्यांविषयींचे नवे नियम निघाले आणि त्यांनीं बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी बनविणाऱ्यावर टाकली. मेलेली बॅटरी घंटागाडींत टाकूं नये, हें त्यांतलें आपल्यापुरतें कलम. युरोपांत तर २०२३ च्या कायद्यान्वयें १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा लहान यंत्रांतील बॅटऱ्या वापरणाराला स्वतः काढतां याव्या, असें ठरलें आहे. तेथें विकलीं जाणारीं यंत्रें येथेंही विकावयाचीं असल्यानें, कदाचित् तो खटका वर्ध्याच्या बाजारांतही परत येईल.

जातां जातां आणखी एका घटाचा उल्लेख राहूं नये. मोठी बॅटरी काढली तरी बहुतेक जुन्या यंत्रांत रुपयाएवढी एक चपटी लिथियमची गोळी असते. घड्याळ चालूं ठेवणें हें तिचें काम. बॅटरीवांचून वापरलेलें यंत्र रात्रीं भिंतींतून काढून ठेवलें तर सारा भार तिच्यावर येतो आणि कांहीं वर्षांनीं तीही संपते. मग यंत्र सकाळीं जागें होतें तें भलतीच, मागची तारीख दाखवीत, आणि संकेतस्थळें उघडेनाशीं होतात. पुष्कळ लोक यंत्र बिघडलें असें समजून तें भंगारांत काढतात. ती गोळी घड्याळजींच्या दुकानांतही मिळते. ती बदलून तारीख लावली कीं यंत्र पुन्हां पूर्ववत् चालूं लागतें.